सेन्सर चांगलाच होता, नाना

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी सुकलाल नानांचं नाव सांगतो. आईवडिलांचं त्यानंतर घेतो. वडिलांसमोरही मी हे सांगितलं आहे. "खरं शे," एवढंच ते म्हणाले होते.

नाना, आज तुमचा दहावा झाला. मेहरूणला तुमच्या घरी जाऊन आलो, तुमच्यामागे राहिलेल्या अक्कांजवळ बसलो आणि घरी येऊन हे लिहायला घेतलं. लोक तुमच्याबद्दल जे चांगलं बोलले ते इथे लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. मला तुमच्याकडून एकच गोष्ट कळायला हवी होती. मी तुमच्याशी जे वागलो त्याची तुम्ही मला माफी दिली होती की नाही? विचारायला माझ्याकडे सात-आठ महिने होते. मी विचारलं नाही. आता कोणाला विचारू?

चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या गावातून मी जळगावला इंजिनिअरिंगला आलो, तेव्हा आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. तुमच्या घराच्या माडीवर मला खोली मिळाली आणि खाली तुमचं दुरुस्तीचं दुकान. पहिल्या वर्षी इलेक्ट्रॉनिक्समध्ये नापास झालो. चार दिवस खाली उतरलो नाही. पाचव्या दिवशी तुम्ही जिन्यातून हाक मारली, "ओ इंजिनेर, मरी गया का जित्ता शे?" मी खाली आलो. तुमच्यासमोर एक वॉशिंग मशीन उघडं पडलं होतं आणि हातात त्याचं इंग्रजी पुस्तक होतं. तुम्ही सातवी पास. पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि म्हणालात, "तू वाच. माले समजस."

मी वाचत गेलो. मला शब्द येत होते, अर्थ कळत नव्हता. तुम्हाला शब्द येत नव्हते आणि अर्थ आधीच ठाऊक होता. मी एखादी ओळ वाचायचो, तुम्ही त्या मशीनमधला तोच भाग बोटाने दाखवायचात. सर्किट म्हणजे कागदावरच्या रेघा नसतात, ती कुठून तरी निघून कुठे तरी पोहोचणारी वाट असते, हे मला त्या दुपारी कळलं. पुढच्या परीक्षेत त्याच विषयात मी वर्गात तिसरा आलो. तुम्हाला पेढे द्यायला आलो तेव्हा तुम्ही विचारलंत, "पेचकस कोन्ता हातमा धरतस, ते सांगतस का तुमना कालेजमा?" मी म्हटलं, नाही. "मंग काय कामना पेढा," म्हणालात, आणि दोन खाल्लेत.

तापमानाचा सेन्सर कसा तपासायचा हेही मला कॉलेजने शिकवलं नाही. तुम्ही एका पेल्यात गार पाणी घेतलंत, त्यात सेन्सर बुडवलात, मीटरच्या दोन सुया त्याला लावल्यात आणि अक्कांना चहाचं आधण ओतायला सांगितलंत. पाणी तापत गेलं तसा मीटरवरचा आकडा उतरत गेला. गार पाण्यात मोठा, गरम पाण्यात लहान. "आकडा असा सरासर उतरना म्हंजे सेन्सर चांगला," तुम्ही सांगितलंत. "मधमा कुदना म्हंजे खराब." अक्का म्हणाल्या, "मनं आधण गयं ना वाया!" तुम्ही म्हणालात, "आधण नई गयं, पोऱ्या पास व्हयना."

पुढे मला भांडी धुण्याची मोठी मशीनं विकणाऱ्या कंपनीत नोकरी लागली, जळगाव आणि धुळ्याचा सर्व्हिस इंजिनिअर म्हणून. हॉटेलात, दवाखान्यात असतात ती, आम्ही डिशवॉशर म्हणतो ती. कंपनीला गावोगाव हातातलं काम जाणणारा माणूस हवा होता. मी तुमचं नाव दिलं. तुमचं ओळखपत्र आलं त्या दिवशी तुम्ही ते गळ्यात घालून मेहरूण तलावाला चक्कर मारून आलात, हे मला अक्कांनी सांगितलं होतं. तुम्ही ते कधी कबूल केलं नाही.

धुळ्याचा तो दवाखाना तुमच्याकडेच होता. तिथल्या स्वयंपाकघरात रुग्णांची ताटं धुणारं मशीन. शेवटच्या धुण्याचं पाणी ऐंशी अंशांच्या वर तापलं तरच ताट खात्रीचं, नाही तर एका रुग्णाचा आजार दुसऱ्याच्या ताटात जायचा. त्या पाण्याच्या टाकीला एक सेन्सर आहे. मागच्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला मशीनच्या पडद्यावर तक्रार यायला लागली: तापमान सेन्सर नादुरुस्त. तुम्ही सेन्सर बदललात. महिनाभर ठीक चाललं, मग परत तेच. दुसरा बदललात, परत तेच. तिसऱ्यांदा तुम्ही मला फोन केलात.

"सेन्सर चांगला शे रे. जुना दोन्ही मी पेलामा बुडाईसन पाह्या. आकडा सरासर उतरस."

मी म्हटलं, "नाना, मशीन स्वतः सांगतंय ना, सेन्सर खराब म्हणून."

"मशीन खोटं बोलत नई. पन ते ऐकेल गोट सांगस. सेन्सरपासून बोर्डपावत वायर शे, तिना मधमा प्लग शे. तो माले उघाडू दे."

आमच्या कंपनीचा एक तक्ता आहे. कोणती तक्रार आली की काय करायचं ते त्यात लिहिलेलं असतं. या तक्रारीसमोर लिहिलं होतं: सेन्सर बदला. वायरिंगला हात लावायचा तर माझी लेखी परवानगी लागायची. तुम्ही मागितलीत आणि मी म्हटलं, "तक्त्यात नाही, नाना. वॉरंटी जाईल." तुम्ही रागावलात. "मंग एक रेझिस्टर टाकीसन तोंड बंद करी देऊ का त्यानं?" तसं केलं की मशीनला कायम एकच खोटा आकडा जातो. आपण दोघंही हसलो. मला वाटलं, वाद मिटला.

होळीच्या आधी तुमचा फोन आला. "उद्या धुळाले ये. एक चीज दखाडनी शे. फोनवर सांगत नई."

मी गाडीने लवकर पोहोचलो. तुम्ही एसटीने येणार होतात. स्वयंपाकघरात मशीन बंद होतं. एका कोपऱ्यात मोठी पातेली उकळत होती आणि बायका त्यात ताटं बुडवून काढत होत्या. मी ते पाहिलं. का, असं विचारलं नाही. मशीनची पाठ उघडली. सेन्सरची वायर सोडवून बाजूला ठेवलेली होती आणि तिच्या जागी एक छोटा रेझिस्टर जोडलेला होता. त्यावरचे रंगीत पट्टे तपकिरी, लाल, लाल. बाराशे ओहम, ऐंशी अंशांना सेन्सर जो आकडा देतो जवळपास तोच. म्हणजे मशीनला कायम वाटणार की पाणी ऐंशी अंशांवर आहे. हीटर चालूच होणार नाही. ताटं गार पाण्याने धुतली जाणार आणि पडद्यावर तक्रारही येणार नाही.

दवाखान्याचे व्यवस्थापक माझ्या मागे उभे होते. "तुमच्या माणसाशिवाय याला हात कोण लावतो?" ते म्हणाले. त्यांनी फोटो काढला आणि तिथूनच आमच्या मुख्य कचेरीला पाठवला. पाच मिनिटांत मला साहेबांचा फोन आला. "हा टेक्निशियन तुझ्या ओळखीतला आहे ना?"

नाना, मी म्हटलं, "तसं काही नाही, सर. कामापुरती ओळख."

त्यानंतर तुम्ही दारात आलात, गळ्यात ओळखपत्र, हातात पिशवी. उघडं मशीन पाहिलंत आणि उत्साहाने विचारलंत, "पाह्यं का?"

मी विचारलं, "नाना, हे तुम्ही केलं?"

तुमचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. तुम्ही मशीनकडे पाहिलंत, व्यवस्थापकांकडे पाहिलंत, मग माझ्याकडे.

"तुले काय वाटस?"

तुम्ही पिशवी खांद्याला लावलीत आणि परत स्टँडकडे गेलात. अक्कांनी त्या पिशवीत माझ्यासाठी कळण्याची भाकरी आणि ठेचा दिला होता, हे मला नंतर कळलं. तुम्ही ती भाकरी एसटीत खाल्लीत की तशीच परत नेलीत, हे मी अक्कांना विचारलेलं नाही.

आता जे लिहितो ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. त्या रेझिस्टरचं सोल्डरिंग तुमचं नव्हतं. गोळा जमलेला होता, मळकट, वायर जळलेली. तुमचा जोड आरशासारखा असायचा. तुम्ही दोन्ही तारा आधी एकमेकींत गुंतवायचात, मग डाग द्यायचात. माझे किती जोड तुम्ही उपटून फेकलेत! "हाई काय, शेनना पो?" म्हणायचात. पाच वर्षं मी तुमचे जोड पाहिले आहेत. शंभरातून तुमचा ओळखू शकतो. त्या दिवशी मी तो जोड पाहिला, तो तुमचा नाही हे मला कळलं, आणि तरी मी तो प्रश्न विचारला. का? माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. मागून एक माणूस पाहत होता. आणि "हा माझा माणूस आहे" असं म्हणायला लागलं असतं.

कंपनीकडून काम बंद केल्याचं पत्र तुम्हाला गेलं. मजकूर कचेरीतून तयार आला होता. विभागाचा इंजिनिअर म्हणून खाली सही माझी होती. करणार नाही, असं मी म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही.

त्यानंतर आपली भेट एकदाच झाली. भाजीबाजारात तुम्ही भरताची वांगी निवडत होतात. मी नमस्कार केला. तुम्ही हात जोडलेत, "या साहेब" म्हणालात, आणि वांगेवाल्याला सांगितलंत, "यासले चांगला देजो." तुम्ही मला पोऱ्या म्हटलं असतं, शिवी दिली असती, तर मी तिथेच पाय धरले असते. साहेबाला पाय धरता येत नाहीत. मी वांगी घेऊन घरी आलो.

मशीन मात्र सुधारलं नाही. मी स्वतः तीनदा सेन्सर बदलला. महिनाभर चाललं, परत तक्रार. पावसाळ्यात तर आठवड्याला. मी तक्ता धरून बसलो होतो.

मग यंदाची खंडेनवमी आली. त्या दिवशी मी सहज धुळ्याला गेलो होतो. स्वयंपाकघराच्या प्रमुख लताबाई दारातच म्हणाल्या, "या या, प्रसाद घेऊन जा. आज आमच्या मशीनची आंघोळ आहे."

मी आत गेलो आणि पाहत राहिलो. मशीन भिंतीपासून ओढलेलं, खालची पत्र्याची झाकणं काढलेली, आणि एक बाई नळाला पाइप लावून मशीन आतून धूत होती. बाजूला हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ.

"आतून पण धुता?" मी विचारलं.

"वर्षाची पूजा आहे हो. वरवर पाणी शिंपडून कसं चालेल? घरी सुरी-विळी घासूनच पुजतो ना?"

"मागच्या वर्षी पण असंच?"

"मशीन आल्यापासून."

मी खाली बसलो. जिथे पाण्याचा फवारा पडत होता त्याच्या बरोबर मागे सेन्सरच्या वायरीचा प्लग होता. तुम्ही उघडू दे म्हणत होतात तोच. मी तो उघडला. सेन्सरकडची बाजू नवी, चकचकीत. बोर्डाकडच्या बाजूच्या दोन्ही पिनांवर हिरवा गंज चढला होता, त्यावर बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार. नवा सेन्सर लावताना पिना एकमेकींवर घासायच्या, तेवढ्यापुरती वाट मोकळी व्हायची. महिन्याभरात वाफेने परत बंद. दर वेळी सेन्सर चांगलाच होता.

लताबाईंनी विचारलं, "ते नाना आता येत नाहीत का हो? फार कडक माणूस. आमच्या वायरमनने ते काय जुगाड लावलं होतं ना, मशीन ओरडू नये म्हणून, ते त्यांना दिसलं. असे तापले! वायरमनला म्हणाले, माणसं मारशील. मशीन बंद करायला लावलं, आम्हाला पातेल्यात पाणी उकळून ताटं बुडवायला सांगितली. मी म्हटलं, काढून टाका ना ते. तर म्हणाले, राहू द्या, उद्या आमचा इंजिनेर येतो. त्याच्या डोळ्यांनी त्याला पाहू द्या. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. पुढे काय झालं?"

पुढे काय झालं, नाना, ते मी त्यांना सांगितलं नाही. वायरमन केव्हाच काम सोडून गेला होता. मी कंपनीला खरा अहवाल पाठवला. "नोंद घेतली," असं उत्तर आलं. तुमचं नाव परत यादीत घ्या असंही मी लिहिलं होतं. त्यावर काहीच आलं नाही.

तुमच्याकडे यायला हवं होतं. माझ्या आताच्या घरापासून मेहरूण सायकलवर दहा मिनिटं. तीन वेळा निघालो, तीनदा तलावाच्या कडेने परत फिरलो. शेवटी पत्र लिहिलं आणि टपालात टाकलं. गावातल्या गावात, टपालाने. मनात म्हटलं, नाना शहाणे आहेत, त्यांना आकड्यांतूनच कळेल. तुम्ही मला शब्दांत कधी शाबासकी दिली नव्हती, मग मला माफी शब्दांत का मागावी लागेल? असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण असं की तो एक शब्द लिहायला हात चालत नव्हता. पत्रानंतर आठ दिवसांनी अक्कांचा फोन आला. सकाळी चहा पिऊन तुम्ही भिंतीला टेकलात आणि उठलाच नाहीत.

आज सगळे गेल्यावर मी अक्कांना विचारलं, "माझं पत्र आलं होतं का?"

"ऊनं होतं ना," अक्का म्हणाल्या. "दोनदाव वाचं त्यासनी. मंग म्हने, सगळं बठ्ठं लिखेल शे पोऱ्यानी. बरोबर लिखेल शे."

"आणि?"

अक्कांना मला दुखवायचं नव्हतं.

"मंग कागद उलटा करीसन पाह्या. म्हने, मांगे काही लिखेल शे का? मांगे कोराच होता."

"अजून काही म्हणाले?"

"नई. घडी करी आनि ठी दिना. जेवना का तू, भो?"

तुम्ही मला पोऱ्या म्हणालात. हे मी दिवसभर धरून बसलो आहे. पण कागद उलटा केलात हेही तितकंच खरं आहे, आणि त्यापुढे पहिलं टिकत नाही. त्या मागच्या बाजूवर तुम्ही काय शोधत होतात ते मला माहीत आहे. ते मी आता कुठेही लिहिलं, इथे लिहिलं, शंभरदा लिहिलं, तरी तुम्ही वाचणार नाही. अक्कांनी तो कागद मला परत दिला. तुमच्या घडीसकट. जसा पाठवला तसा खाली उतरवतो.

आदरणीय सुकलाल नाना यांस,
साष्टांग नमस्कार.

धुळे येथील दवाखान्याच्या मशीनबाबत कळवतो. काढलेले पाचही सेन्सर मी पेल्यातल्या पाण्यात तपासले. पंचवीस अंशांवर दहा हजार ओहम, चाळीसवर सुमारे पाच हजार, साठवर अडीच हजार, ऐंशीवर साडेबाराशे. आकडा सरासर उतरतो, मध्ये कुदत नाही. सर्व सेन्सर चांगले आहेत.

दोष प्लगमध्ये होता. बोर्डाकडच्या दोन्ही पिना गंजल्या होत्या. खंडेनवमीला मशीन आतून पाण्याने धुतात, त्यामुळे. दोन्ही पिना बदलल्या, प्लगवर रबरी टोपी बसवली व तो वरच्या बाजूला बांधला. तारा आधी गुंतवून मग सोल्डरिंग केले आहे. यापुढे मशीन फक्त बाहेरून पुसून पूजा करावी असे लताबाईंना सांगितले, त्यांनी मान्य केले आहे. सध्या शेवटच्या धुण्याचे पाणी ब्याऐंशी अंशांपर्यंत तापते. तक्रार पुन्हा आलेली नाही.

रेझिस्टर तेथील वायरमनने लावला होता, असे लताबाईंकडून समजले. तसा अहवाल कंपनीस पाठवला आहे.

वायर तपासावी असे आपण पूर्वी सुचवले होते. ते बरोबर होते.

अक्कांना नमस्कार. प्रकृतीस जपावे.

कळावे,
आपला विश्वासू,
ज्ञानेश्वर
सर्व्हिस इंजिनिअर, जळगाव-धुळे विभाग